हेडमास्तरांचं पाणी

पाणी, वय चाळीस मिनिटं

हेडमास्तर वर आले होते.

ते कधी वर येत नाहीत. चौदा वर्षं टाकीच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, शेपटी काचेला टेकवून बसलेले असतात आणि ताईचं बोट दिसलं तरच जागचे हलतात. आता मात्र तोंड पाण्याबाहेर काढून हवेचे घोट घेत होते. कल्ले इतके भराभर उघडत-मिटत होते की मी मोजायला लागले आणि विसाच्या पुढे आकडे जिभेत अडकले.

टाकी स्वच्छ होती. इतकी लख्ख की पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाण्यातून आरपार वाचता येत होतं. एकतीस डिसेंबर.

हेडमास्तर म्हणजे मासा. लाल-पांढरा गोल्डफिश, माझ्या तळहाताहून लांब. माझी ताई फुसाए शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं होती. शाळा बंद झाली तेव्हा विज्ञानाच्या वर्गातला एक मासा कुणीच नेईना, तो ती बादलीत घालून सायकलवरून घरी घेऊन आली. मुलांना जेवण वाढायच्या अर्धा तास आधी शाळेचे खरे हेडमास्तर एकटे बसून सगळं चाखत, कुणाला काही होणार असेल तर आधी त्यांना व्हावं म्हणून. ताई म्हणायची, हा मासाही खाण्याआधी तसाच थांबतो, तसाच गंभीर.

ताई एकोणऐंशीची, मी एकाहत्तरची. ऑक्टोबरपासून ती इस्पितळात आहे. आज दुपारी तीनला टॅक्सीने घरी येणार, नववर्षासाठी एका रात्रीची सुट्टी. उद्या संध्याकाळी परत. आणि तिथून पुढे या घरात नाही, वृद्धाश्रमात. तिथे खोली मिळाली आहे, मासा चालणार नाही.

मासा कुणाकडे राहणार हे ती आज ठरवणार होती. माझ्याकडे, किंवा कोमाईसानकडे. कोमाईंची तीन तळी आहेत, पिढ्यान्‌पिढ्या गोल्डफिशच वाढवतात. आमचं कोरियामा गाव जपानभर गोल्डफिशसाठीच ओळखलं जातं, इथे असे लोक पैशाला पासरी आहेत, पण ताईचा विश्वास याच माणसावर. मला कुणी तसं विचारलं नव्हतं. मला हेडमास्तर हवे होते. उद्या संध्याकाळनंतर या घरात माझ्याशिवाय श्वास घेणारं दुसरं काही उरणार नव्हतं.

आणि ते श्वास घेत होते, पण तसे.


ताई, ऑक्टोबरमध्ये, इस्पितळाची पिशवी मांडीवर घेऊन

"पाणी सगळं बदलायचं नाही. तिसरा हिस्सा."

"हो."

"हो म्हणू नकोस, परत म्हण."

"तिसरा हिस्सा."

"नळाचं पाणी सरळ घालायचं नाही. त्यात क्लोरीन असतं, आपल्याला चालतं, त्याचे कल्ले भाजतात. मागच्या पायरीवर बादलीत उघडं ठेवायचं, दोन दिवस, ऊन लागेल असं. घाई असली तर हायपोचा खडा, तो क्लोरीन मारतो. एका बादलीला एक."

"लाल झाकणाची बरणी."

"लाल झाकण मास्तरांचं, सोनेरी झाकण स्वयंपाकाचं. बघ, येतं तुला."

"मी काय बालवाडीत आहे?"

"तू भांडी घासायला लागलीस की कुणाचं ऐकत नाहीस, किनु. एवढंच."


मी काय केलं होतं

वर्षअखेरची सफाई. ती सगळेच करतात. जुन्या वर्षाची धूळ नव्या वर्षात न्यायची नाही म्हणून अठ्ठावीसपासून माणसं कपाटांमागे, पंख्यांवर, खिडक्यांच्या खाचांत शिरतात. मी जरा जास्त करते. ताई येणार म्हणून यंदा आणखी जास्त.

एकोणतीसला स्वयंपाकघर. फळ्या, डबे, बरण्या. ताईच्या सगळ्या बरण्या एकसारख्या, कॉफीच्या. सगळी झाकणं काढून गरम पाण्यात टाकली, दात घासायच्या जुन्या ब्रशने खाचा घासल्या, पंचावर ओळीने वाळवली आणि बरण्यांना लावली.

जे झाकण हाताला येईल ते.

तीसला न्हाणीघर. टब, फरशी, बादल्या. मागच्या पायरीवर दोन बादल्यांत मीच पाणी भरून ठेवलेलं होतं, शिळं दिसलं, ओतलं, बादल्या घासून उपड्या घातल्या. त्याच दिवशी वर्षातली शेवटची कचरागाडी होती म्हणून टाकीच्या गाळणीतला काळपट कापूसही काढून देऊन टाकला. तीसलाच संध्याकाळी नववर्षाचे गोड काळे सोयाबीन शिजायला घातले.

आणि आज सकाळी टाकी. मासा बादलीत. जुनं पाणी कॅमेलियाच्या मुळाशी. रेती गरम पाण्याने सात वेळा. काच आतून-बाहेरून. चाळीस लिटर नवं पाणी नळाचं, लाल झाकणाच्या बरणीतले पाच खडे (चार पुरले असते), मग हेडमास्तर.

तिसरा हिस्सा मला आठवत होता. खरंच आठवत होता. पण आज काच अर्धी हिरवी आणि अर्धी स्वच्छ ठेवून ताईला काय दाखवणार होते मी?


पाणी, वय पंचेचाळीस मिनिटं

"कोमाई बोलतोय."

"मी किनुयो. फुसाएची धाकटी."

"बोला. आल्या का फुसाएसान?"

"तीनला येतील. कोमाईसान, हेडमास्तर वर आलेत."

त्यांच्यामागे कुठेतरी टीव्ही हसत होता. त्यांनी तो बंद करायला सांगितला.

"वर म्हणजे?"

"तोंड बाहेर."

"पाणी बदललंत?"

"हो."

"किती?"

मी दोरीशी खेळत होते, आमच्या फोनला अजून दोरी आहे. "सगळं."

"रेती?"

"धुतली."

"गाळणीतला कापूस?"

"नवा घातला."

"मासा तेवढा कसा राहिला धुवायचा?"

या माणसाला फोन करणं म्हणजे मासा त्याच्या हातात देणंच होतं, हे मला आकडे फिरवतानाच कळलं होतं.

"बरं. हायपो घातलात?"

"पाच खडे."

"मग एवढं व्हायला नको. नवं पाणी गार असतं, मासा आखडतो, पण वर येऊन हवा खात नाही. खडे विरघळले कसे?"

"कसे म्हणजे?"

"टाकल्याबरोबर, की तळाशी बसून?"

"बसून. बराच वेळ. मी दोनदा ढवळलं."

"बरणीत आहेत अजून?"

"आहेत."

"एक जिभेवर ठेवा. खारट-कडू लागलं पाहिजे, आणि जीभ गार पडली पाहिजे."

दोरी स्वयंपाकघरापर्यंत पोचते. मी लाल झाकण काढलं, एक खडा तोंडात टाकला. दाताखाली कुरकुरला.

"काय?"

"गोड आहे."

"खडीसाखर."

"हो."

"तुम्ही त्याला नळाचं पाणी पाजलंत, किनुयोसान. साखर घालून. आता हायपो कुठल्या बरणीत आहे ते बघा. एक खडा सापडला तरी चालेल, मिनिटात काम होईल."

मला शोधावं लागलं नाही. ती बरणी जाळीवर उपडी होती, धुऊन, पुसून, शेजारी तिचं सोनेरी झाकण. काल संध्याकाळी ती रिकामी झाली होती. खडीसाखर बरोबर पाककृतीत सांगितली तेवढीच निघाली म्हणून मला किती बरं वाटलं होतं. मी शेगडीकडे बघितलं.

"सोयाबीनमध्ये गेलं," मी म्हणाले.

"काय सोयाबीनमध्ये?"

"हायपो. सगळा."

मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत.

"खाल्लं कुणी?"

"नाही. झाकणही उघडलेलं नाही. वारा लागला की दाण्यांना सुरकुत्या पडतात, म्हणून गार होईपर्यंत मी हात लावत नाही."

"छान. नकाच लावू. मागच्या पायरीवर फुसाएसानच्या बादल्या असतात, ते पाणी?"

"ओतलं."

"टबात कालचं?"

"टब घासला."

"या घरात न घासलेलं काही आहे?"

"कोमाईसान, टोमणे नंतर मारा."

"मारतो नंतर. मी काशिहाराला लेकीकडे आहे. घरी जाऊन पाणी घेऊन येतो. दीड तास धरा, आज रस्ते भरलेत. तोवर पंपाची हवा पूर्ण सोडा."

"दीड तास निघेल?"

"चौदा वर्षांचा मासा आहे," ते म्हणाले. "मला नका विचारू."


पाणी, वय एक तास

हवा पूर्ण सोडली. बुडबुड्यांनी टाकी उकळल्यासारखी दिसायला लागली आणि हेडमास्तर त्या उकळीच्या कडेने वाहत गेले. पोहत गेले नाहीत. वाहत.

मोठ्या दुकानाला बस. सणाचं वेळापत्रक, तासाला एक, जायला पन्नास मिनिटं.

शेजारचं घर तीन वर्षं रिकामं.

थर्मासमध्ये उकळलेलं पाणी दोन लिटर. उकळलेल्या पाण्यात क्लोरीन नसतं, हे मलाही माहीत आहे. पण त्यात हवाही नसते, आणि दोन लिटर गार करून या देहाला त्यात कुठे

नाही.

त्यांच्या अंगावर पातळ पांढरी साय आली होती. शेपटीच्या मुळाशी लाल रेघ, सकाळी नव्हती. मी काचेवर बोट ठेवलं, ताई ठेवते तसं. ते आले नाहीत. माझ्या बोटाला तसेही येत नाहीत.

न घासलेलं काही. कोमाईंनी टोमणा मारला होता, पण एक खोली खरंच राहिली होती. ताईने जाताना बजावलं होतं, माझ्या खोलीत फडकं घेऊन पाऊल टाकायचं नाही. मी टाकलं नव्हतं. रोज दारावरून जाताना हात शिवशिवायचे.

मी दार सरकवलं. तीन महिन्यांची धूळ, जिथल्या तिथे.

टेबलाच्या खालच्या खणात ताईची एक पेटी होती. शाळेची. स्वयंपाकघरात रोज सकाळी नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तपासून वहीत लिहायचं असतं; तीस वर्षं ते काम ताईचं. काचेची नळी आणि कागदाच्या पुड्या. पुडीतली पांढरी पूड पाण्यात टाकायची, क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं, नसेल तर पांढरंच राहतं. निवृत्त झाल्यावरही ती हेडमास्तरांचं पाणी असंच तपासायची. मी हसायचे तिला.

हायपो नव्हता. मी सगळे खण उघडले. खोकल्याचं औषध, रबरं, शाळेच्या सहलीचा फोटो. हायपोचा एक कण नव्हता.

पुड्या होत्या सात.

पहिली पुडी टाकीच्या पाण्याला. नळी हलवली. गुलाबी. मी गुलाबी होईल असं धरूनच होते. एक तास होऊन गेला होता आणि पाणी जसंच्या तसं होतं.

त्यांनी अजून एकदा तोंड बाहेर काढलं. आवाज येतो त्याचा. लहान मूल मिटक्या मारतं तसा.


पाणी, वय एक तास दहा मिनिटं

झाकण मी उघडलं.

सकाळपासून स्वयंपाकघरात गरम झऱ्यांच्या गावी येतो तसला गंधकाचा वास होता. मला वाटलं होतं गटाराचा असेल, म्हणून गटारही घासलं होतं. वास पातेल्यातून येत होता. दाणे मात्र सुंदर झाले होते. काळेभोर, ताणलेले, एकाला सुरकुती नाही. दहा वर्षांत इतके चांगले झाले नव्हते.

बोट बुडवून जिभेला लावलं. खारट, मग कडू, मग जीभ गार पडली. बेसिनमध्ये थुंकले, तीनदा चूळ भरली.

तर हायपो इथे होता. नाहीसा झाला नव्हता. पातेल्यात सोयाबीन होते, थोडा सोया सॉस होता, खायचा सोडा होता, रंग यावा म्हणून टाकलेला गंजका खिळा होता, आणि या सगळ्यात पाव किलो हायपो विरघळून बसला होता. चाळीस लिटर पाण्याला चार खडे लागतात. म्हणजे या काळ्या पाण्याचा एक चमचा. कदाचित अर्धा.

मी शिकलेली नाही. मी बावीस वर्षं मोजे विणण्याच्या कारखान्यात होते. पण मिठाच्या पाण्यात मीठ असतं हे कळायला शाळा लागत नाही. शिजवल्यावरही तो हायपोच राहतो का, एवढंच कळत नव्हतं.

ग्लासभर नळाचं पाणी घेतलं. त्यात काळ्या पाण्याचा एक थेंब. ढवळलं. थेंब कुठे गेला ते कळलंही नाही. नळी भरली, दुसरी पुडी टाकली, हलवली.

पांढरं.

परत केलं. तिसरी पुडी फक्त नळाच्या पाण्याला: गुलाबी. चौथी थेंबाच्या पाण्याला: पांढरं. घाईत त्यातली थोडी पूड ओट्यावर सांडली. ती मी पुसली नाही. हे माझ्या नंतर लक्षात आलं.

कोमाईंना फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालवत असणार.


चमचा

चमचा भरून मी टाकीपुढे उभी राहिले.

समजा नाही घातला. कोमाई येतील, उशीर झालेला असेल, मासा मेलेला असेल. तर मी एकदा चुकले. सफाई केली, झाकणं धुतली, म्हातारं माणूस, होतं असं. ताई काही बोलणार नाही. उद्या गप्प परत जाईल.

समजा घातला आणि मेला. मग मी त्याला दोनदा मारलं. एकदा नकळत, एकदा चमच्याने. खिळ्याचं पाणी पाजून.

खिळ्याची मला जास्त भीती वाटत होती, का कोण जाणे. हायपोपेक्षा, क्लोरीनपेक्षा.

चमच्यातलं पाणी काळं होतं आणि टाकीतलं इतकं स्वच्छ. चार दिवसांत मी या घरात एक काळा ठिपका ठेवला नव्हता.

हेडमास्तर एका कुशीवर कलले. हळूच, दमलेला माणूस आसनावर लवंडतो तसे. मग सरळ झाले. मग परत कलले.

घातला.

काळा धूर झाला पाण्यात, बुडबुड्यांनी तो फाडला, आणि मी पाच मोजेपर्यंत काही उरलं नाही. पाणी किंचित पिवळट, त्याच पत्तीच्या दुसऱ्या चहासारखं झालं. कॅलेंडरवरची तारीख जरा पुसट.


पाणी, वय एक तास सव्वीस मिनिटं

पाचवी पुडी. टाकीचं पाणी. पांढरं.


पाणी, वय एक तास पन्नास मिनिटं

अजून वरच आहेत.

क्लोरीन गेलं म्हणून भाजलेलं बरं होत नाही, हे ताईने कधी सांगितलं नव्हतं, पण तव्यावरून हात काढल्यावर काय होतं ते मला माहीत आहे. मी बसून राहिले. ताईची गादी उन्हात घालायची होती. शेवया उकडायच्या होत्या संध्याकाळच्या. कशाला हात लावला नाही.

कुशीवर कलणं थांबलं. की मला तसं वाटतंय.

कल्ले मोजले. विसाच्या पुढे गेले, चाळीसपर्यंत मोजता आलं. म्हणजे मंद झाले असतील, किंवा माझी जीभ सुटली असेल.


कोमाईसान

ते अकरा वाजून पस्तीसला आले. दोन डबे हिरवं पाणी, प्लास्टिकच्या पिशवीत स्वतःच्या गाळणीतला घाणेरडा कापूस, आणि खिशात मीठ. बूट काढतानाच विचारलं, "आहेत?"

"आहेत."

टाकीपुढे वाकून ते बराच वेळ बघत राहिले. मग नाक पाण्याजवळ नेलं.

"हा वास कसला? काय घातलंत?"

"सोयाबीनचं पाणी. एक चमचा."

त्यांनी माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. मी ओट्यावरची नळी आणून दाखवली, पुड्या दाखवल्या. सहावी त्यांच्यासमोर टाकली. पांढरं. ते नळी खिडकीकडे धरून उभे राहिले.

"पन्नास वर्षं मासे सांभाळतोय," ते म्हणाले. "कुणाला सांगू नका हे. लोक करायला लागतील."

"जगतील का?"

"कल्ले भाजलेत. आता मीठ, जुनं पाणी, हळूहळू. आजचा-उद्याचा दिवस काढला तर जगतील." त्यांनी बाही वर करून हात पाण्यात घातला, गाळणीत तो काळपट कापूस बसवला. माझ्या टाकीत. मी डोळे मिटून घेतले. "ही घाण नाही, किनुयोसान. यातच त्यांचं पाणी राखणारे जीव असतात. तुम्ही तो कालच्या गाडीत दिलात ना, तो फुसाएसाननी चौदा वर्षं वाढवलेला होता."

"टोमणा हाच का?"

"नाही. हे नुसतं सांगतोय."

एक-एक लोटा हिरवं पाणी ते ओतत राहिले, प्रत्येक लोट्यामागे थांबत. टाकी धुरकट झाली. दोनला हेडमास्तर वरून निघाले आणि पाण्याच्या मध्यावर येऊन थांबले. खाली गेले नाहीत. पण वरही नव्हते.

"फुसाएसानना मी काही सांगणार नाही," कोमाई म्हणाले. "तुमचं तुम्ही बघा."


तीन वाजता

ताई आली ती चाकांच्या वॉकरवर भर देत, सरळ टाकीकडे. कोट काढला नाही. मी खुर्ची लावली, ती बसली, चष्मा पुसला.

बघत राहिली.

"काच दिसत नाहीये," ती म्हणाली.

"हो."

"आणि पाणी हिरवं आहे. स्वच्छ काच, हिरवं पाणी. कोमाईसान, हे तुमचं पाणी."

"माझं," कोमाई म्हणाले आणि मान खाली घालून बाहीला लागलेलं शेवाळ खरवडायला लागले.

"किनु, सगळं बदललंस?"

"सगळं."

तिने काचेवर बोट ठेवलं. हेडमास्तर आले नाहीत. मधेच थांबून होते, कल्ले हलवत, तोंड आमच्या तिघांकडे करून. तिने बोट काढलं नाही. आम्ही तिघंही त्या बोटाकडे बघत बसलो. बाहेर कुणाच्यातरी गाडीचा दरवाजा लागला.

"सोयाबीनचा वास येत नाहीये," ती बोट तसंच ठेवून म्हणाली. "यंदा केले नाहीस? इस्पितळात तीन दिवस मी त्याच वासाच्या आशेवर आहे."

मग मी सांगितलं. झाकणांपासून. बादल्या, कापूस, रेती, गोड खडा, पातेलं, पुड्या, चमचा. खिळासुद्धा. काही गाळलं नाही. बोलून झाल्यावर म्हणाले, "ताई, मासा कोमाईसानना दे. मला नको."

ते खोटं होतं. मला हवा होता. पण दुसरं काय बोलणार?

ताईचे खांदे हलायला लागले आणि मला वाटलं रडतेय. मी एप्रनलाच हात पुसत राहिले. ती रडत नव्हती.

"म्हणजे," तिला शब्द फुटेना, "म्हणजे यंदाही जेवण आधी हेडमास्तरांनीच चाखलं."

कोमाईंनी तोंड फिरवलं.

"हसू नकोस ग. तू खाल्ले असतेस ते दाणे. मी तुला वाटीभर दिले असते. इतके सुंदर झालेत."

"दाखव."

पातेलं आणून दाखवलं. तिने डोकावून बघितलं. "एकही सुरकुती नाही," ती म्हणाली, आणि खरंच हळहळली. "टाकून दे. पुरून टाक, नाहीतर मांजर खाईल."

मग ती कोमाईंकडे वळली. "केव्हा न्याल?"

कोमाईंनी टाकीकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्यांना तो मासा मिळत होता, मी माझ्या तोंडाने दिला होता, आणि ते डोकं खाजवत उभे होते.

"नेता येणार नाही," ते म्हणाले. "या कल्ल्यांनी एक हेलकावा सोसवायचा नाही. आज इथून हलवला तर माझ्या तळ्यापर्यंत पोचायच्या आत संपेल. चेरी फुलेपर्यंत याला हात लावायचा नाही. याच पाण्यात, याच घरात."

"म्हणजे एप्रिल."

"एप्रिल. तोवर जगला तर."

"आणि तोवर कोण बघणार?"

खोलीत तीनच माणसं होती, त्यातलं एक उद्या परत जाणार होतं आणि एकाला तीन तळी होती.

"किनु," ताई म्हणाली, "पुड्या किती उरल्यात?"

"एक."

"कोमाईसान आणून देतील अजून. रोज सकाळी पाणी तपासायचं आणि मला आश्रमात फोन करून रंग सांगायचा. बाकी काही बोलू नकोस, नुसता रंग."

"आणि एप्रिलमध्ये?"

"एप्रिलमध्ये तू मला सांगशील, कुणाकडे ठेवायचा. मी नाही." तिने काचेवरचं बोट काढलं. काचेवर ठसा राहिला, गोल, तेलकट. माझा हात आपोआप एप्रनच्या खिशातल्या फडक्याकडे गेला.

"राहू दे तो," ती म्हणाली.

राहू दिला.


पाणी, वय शून्य

कोमाई गेल्यावर मी मागच्या पायरीवर दोन्ही बादल्या सरळ केल्या आणि नळाखाली भरल्या. चार वाजायचे होते, थोडं ऊन उरलं होतं. दोन दिवस. म्हणजे दोन तारखेला, आणि त्यातलाही एकच लोटा.

भरलेल्या पाण्यावर लगेच एक पान येऊन पडलं, कॅमेलियाचं. मी ते काढायला वाकले.

आतून ताई म्हणाली, "किनु, ते खाली गेले बघ. कोपऱ्यात गेले."

मी पान तसंच सोडून आत धावले.